कालप्रवास खरंच शक्य आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्र्यंबकच्या बाजूला आकाशदर्शनाला गेलो की गुरू-शनी पाहून होईपर्यंत लोक गप्प असतात. चहा आला की पहिला प्रश्न हमखास कालप्रवासाचा. मग तेच प्रश्न व्हॉट्सॲपवर येत राहतात, बहुतेक रात्री अकरानंतर. गेल्या काही वर्षांत साठलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून मध्येमध्ये दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सर, फिरवाफिरवी नको. कालप्रवास शक्य आहे की नाही?

भविष्यात जाणं शक्य आहे आणि ते मोजून झालं आहे. भूतकाळात जायला समीकरणं साफ नकार देत नाहीत, पण त्यासाठी लागणारं सामान कुणाकडेच नाही.

२. भविष्यात तर आपण सगळेच रोज जातो. त्यात विशेष ते काय?

जातो खरे, पण सगळे सारख्या चालीने जात नाहीत. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दाखवलं की जो वेगाने जातो त्याचं घड्याळ हळू चालतं. १९१५ मध्ये त्यात दुसरी भर पडली: गुरुत्वाकर्षण जिथे जास्त, तिथेही घड्याळ हळू. इथे 'घड्याळ' म्हणजे मनगटावरचं यंत्र एवढंच नव्हे. नाडीचे ठोके, दाढीची वाढ, दुधाचं विरजण, सगळं त्याच प्रमाणात मंदावतं, म्हणून ज्याचं मंदावतं त्याला काहीच जाणवत नाही. फरक कळतो तो दोघं पुन्हा भेटल्यावर. ज्याचं घड्याळ कमी चाललं, तो दुसऱ्याच्या भविष्यात येऊन पोचलेला असतो.

३. हे कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का, की सगळं कागदावरच?

पाहिलंय, आणि अनेक तऱ्हांनी.

१९७१ साली जोसेफ हाफेली आणि रिचर्ड कीटिंग यांनी चार सिझियम घड्याळं, म्हणजे अतिशय अचूक अणुघड्याळं, सोबत घेऊन साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, एकदा पूर्वेच्या दिशेने आणि एकदा पश्चिमेच्या. परत आल्यावर ती घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांशी ताडून पाहिली. पूर्वेकडे गेलेली ५९ नॅनोसेकंद मागे पडली होती आणि पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली होती. दिशेने फरक पडला, कारण पृथ्वी स्वतः पूर्वेकडे फिरते. पूर्वेला जाणाऱ्याचा वेग तिच्या वेगात मिळवला जातो, पश्चिमेला जाणाऱ्याचा वजा होतो.

दुसरा पुरावा तुमच्या तळहातातून आत्ता आरपार जातो आहे. वैश्विक किरण वातावरणात सुमारे १५ किलोमीटर उंचीवर आदळले की म्युऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने निघाले तरी तेवढ्यात ते साडेसहाशे मीटरच जातील, जमिनीपर्यंत जवळपास कुणीच पोचणार नाही. तरी दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक म्युऑन पोचतो. आपल्या हिशोबाने त्यांचं घड्याळ हळू चालतं, म्हणून ते एवढे जगतात.

तिसरा पुरावा खिशात आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. वेगामुळे त्यांची घड्याळं दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, उंचीमुळे ४५ पुढे जातात. म्हणजे निव्वळ ३८ पुढे. हा फरक आधीच हिशोबात धरलेला असतो. धरला नसता तर अंतराच्या मोजणीत दिवसाला अकराएक किलोमीटरची चूक साठत गेली असती. नाशिकच्या सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उभे राहून तुम्ही नाशिकरोडच्या पलीकडे दिसला असता.

४. मी तीस वर्षं पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला अप-डाउन केलं. माझं वय कमी झालं का?

हा प्रश्न एका निवृत्त पासधारकांचा. मला सगळ्यात आवडलेला, म्हणून नीट हिशोब केला.

दिवसाचे आठ तास गाडीत, वर्षाचे तीनशे दिवस, सरासरी वेग ताशी पन्नास-साठ किलोमीटर. तीस वर्षांत वेगामुळे वाचलेला वेळ अर्ध्या मायक्रोसेकंदाहूनही कमी. पण गंमत पुढे आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंच आणि मुंबई जवळजवळ शून्यावर. खाली गुरुत्वाकर्षणाची पकड जास्त, म्हणून घड्याळ किंचित हळू. मुंबईच्या ऑफिसात रोज आठ तास बसून तीस वर्षांत वाचले सोळा-सतरा मायक्रोसेकंद. म्हणजे गाडीने दिलं त्याच्या कितीतरी पट नुसत्या खुर्चीने दिलं. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "आणि गर्दीने घेतलं ते?" त्याचं समीकरण माझ्याकडे नाही.

उलट बाजूने पाहा. साल्हेर नाशिकहून जवळजवळ एक किलोमीटर उंच आहे. तिथे वर्षभर राहिलात तर खाली राहणाऱ्यापेक्षा तीनेक मायक्रोसेकंदांनी जास्त म्हातारे व्हाल. आणि हे निव्वळ गणित नाही. २०१० साली अमेरिकेत दोन अतिसूक्ष्म घड्याळांमध्ये फक्त ३३ सेंटिमीटर उंचीचा फरक ठेवून हा परिणाम मोजला गेला. जिन्याच्या दोन पायऱ्या समजा.

५. दोन सिंहस्थांमधली बारा वर्षं मी सहा वर्षांत काढू शकतो का?

तत्त्वतः हो. २०२७ च्या सिंहस्थानंतर प्रकाशाच्या ८६.६ टक्के वेगाने निघायचं, तुमच्या घड्याळाप्रमाणे तीन वर्षांनी वळायचं आणि तीन वर्षांत परत यायचं. गोदाकाठी पुढच्या सिंहस्थाची तयारी चालू असेल, तुमचं वय मात्र सहाच वर्षांनी वाढलेलं असेल. (तसं सिंहस्थाचं घड्याळही काटेकोर बारा वर्षांचं नाही, गुरूची सूर्यप्रदक्षिणा ११.८६ वर्षांत होते.)

अडचण आहे ती खर्चाची. एक किलो वजन त्या वेगाला न्यायला साधारण २,५०० कोटी युनिट ऊर्जा लागते. एकलहऱ्याचं वीजकेंद्र ६३० मेगावॅटचं. ते एक क्षणही बंद न पडता पूर्ण क्षमतेने चाललं, तरी एका किलोसाठी साडेचार वर्षं लागतील. तुमचं वजन साठ किलो धरलं तर २७० वर्षं, आणि यात यान, डबा, पाणी काहीच धरलेलं नाही. वळणं आणि थांबणं तर वेगळंच.

आज आपण कुठे आहोत? माणसाने बनवलेली सर्वांत वेगवान वस्तू म्हणजे पार्कर सौर यान. ते सूर्याजवळून सेकंदाला सुमारे १९२ किलोमीटर वेगाने गेलं, प्रकाशवेगाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. अंतराळवीर सर्गेई क्रिकालेव सहा मोहिमांत मिळून ८०३ दिवस कक्षेत राहिले, त्यांनी सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग पुढे उडी मारली.

६. पण सगळं सापेक्ष आहे ना? यानातल्याला वाटेल की नाशिकच लांब गेलं आणि परत आलं. मग तरुण नक्की कोण?

यानातलाच. कारण दोघांची गोष्ट सारखी नाही. यान वळतं तेव्हा आतल्याच्या पोटात गोळा येतो. नाशिकमध्ये मिसळ खात बसलेल्याला काही होत नाही. वळला कोण, यावर दोघांचंही एकमत असतं.

आणखी एक तऱ्हा. संगमनेरमार्गे पुण्याला गेलात आणि मित्र मुंबईवरून गेला, तर दोन्ही गाड्यांवर किलोमीटर वेगळे पडतात. त्यात कुणाला काही गूढ वाटत नाही. काळाचंही तसंच, फक्त उलटं: अवकाशात वळसा लांब पडतो, काळात वळसा आखूड पडतो.

७. कृष्णविवराजवळ काळ थांबतो म्हणतात. तिथे जाऊन आलं तर?

दुरून पाहणाऱ्याला त्याच्या सीमेजवळचं घड्याळ थांबत आल्यासारखं दिसतं. सीमेच्या बाहेर काही काळ तग धरून परत आलात तर तुम्ही भविष्यात पोचाल, प्रश्न ५ सारखेच. सीमा ओलांडलीत तर परत येणं नाही. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी सूर्याच्या चाळीस लाख पटींहून जड असं कृष्णविवर आहे, पण अंतर सुमारे २६,००० प्रकाशवर्षं. जाण्याचाच खर्च मोठा.

८. आपण तारे पाहतो म्हणजे भूतकाळच पाहतो. मग हा कालप्रवास नाही का?

नाही. ते जुनं पत्र वाचण्यासारखं आहे. सूर्याचा प्रकाश सव्वाआठ मिनिटांपूर्वीचा, देवयानी दीर्घिकेचा सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वीचा. वाचता येतं, पण लिहिणाऱ्याला उत्तर देऊन त्याचा मजकूर बदलता येत नाही.

९. माणसाला गोठवून शंभर वर्षांनी उठवलं तर?

तो कोल्ड स्टोरेजमधल्या द्राक्षांचा प्रकार झाला. द्राक्ष टिकतं, काळ मंदावत नाही. पेटीत ठेवलेलं घड्याळ बाहेरच्याइतकंच चालतं.

१०. काळ एकाच दिशेने का जातो? उलटा का नाही?

भौतिकशास्त्राचे मूळ नियम रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीसारखे आहेत: जवळजवळ सगळे दोन्हीकडे सारखंच पाहतात. दोन गोट्यांची टक्कर चित्रित करून फिल्म उलटी फिरवली तर कोणती खरी ते सांगता येणार नाही. पण दादासाहेब फाळक्यांच्या त्र्यंबकेश्वरातला शाळकरी पोरगाही मिसळीच्या तर्रीची उलटी फिल्म लगेच ओळखेल: ढवळलेला तेलतिखटाचा थर आपला आपण वेगळा होऊन चमच्यात परत जाताना कुणी पाहिलेला नाही.

याचं कारण संख्येत आहे. मिसळलेलं राहण्याच्या तऱ्हा अगणित, नीट वेगळं राहण्याच्या मोजक्या. म्हणून वस्तू मिसळलेल्या स्थितीकडेच सरकत जातात. या पसाऱ्याच्या मापाला एंट्रॉपी म्हणतात आणि ती वाढते त्या दिशेला आपण 'पुढे' म्हणतो. द्राक्षाचा बेदाणा होतो. बेदाणा भिजवला तर फुगतो, द्राक्ष होत नाही. मारुतीला दोन तोंडं असली तरी त्याच्या पायाशी गोदावरी एकाच बाजूला वाहते. सुरुवातीला विश्वाची एंट्रॉपी एवढी कमी का होती, हा मात्र अजून खुला प्रश्न आहे, आणि माझ्या मते कालयंत्राहून जास्त खोल.

११. भूतकाळात जाण्याचे कोणते मार्ग शास्त्रज्ञांनी सुचवले आहेत?

सापेक्षतावादाच्या, म्हणजे प्रश्न २ मधल्या आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताच्या, समीकरणांना अशी उत्तरं सापडली आहेत की ज्यांत पुढे पुढे जाणारी वाट फिरून स्वतःच्याच सुरुवातीला येऊन मिळते. १९४९ मध्ये कुर्ट गोडेलने सगळं विश्वच फिरतं आहे असं मानून अशी वाट काढली. आपलं विश्व तसं फिरताना दिसत नाही. १९७४ मध्ये फ्रँक टिपलरने प्रचंड वेगाने फिरणारा दंडगोल सुचवला, पण तो अनंत लांबीचा हवा. १९९१ मध्ये रिचर्ड गॉटने एकमेकींजवळून जाणाऱ्या दोन वैश्विक तंतूंचा, म्हणजे ऊर्जेच्या अतिबारीक पण प्रचंड लांब धाग्यांचा, मार्ग मांडला. असा तंतू अजून एकही दिसलेला नाही.

सगळ्यात जास्त चर्चा कृमिविवराची. अवकाशातल्या दोन लांबच्या जागा जोडणारा बोगदा, ज्याची कल्पना १९३५ च्या आइन्स्टाइन-रोझेन पुलापासून सुरू होते. मूळचा पूल एवढ्या झटकन मिटतो की प्रकाशही पार होत नाही. १९८८ मध्ये मायकेल मॉरिस, किप थॉर्न आणि उल्वी युर्तसेव्हर यांनी दाखवलं की बोगदा उघडा ठेवता आला तर त्याचं कालयंत्र होऊ शकतं. उघडा ठेवायला लागते ऋण ऊर्जा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने ओढण्याऐवजी ढकलणारी. हेंड्रिक कॅसिमिरने १९४८ मध्ये सांगितलं होतं की दोन धातूच्या पट्ट्या अगदी जवळ आणल्या की मधल्या पोकळीत अशी ऊर्जा किंचित असते, आणि पट्ट्यांमधलं ते बल प्रयोगात मोजलंही गेलं आहे. पण माणूस जाईल एवढ्या, मीटरभर तोंडाच्या बोगद्याला किती लागेल? साधारण गुरू ग्रहाच्या वस्तुमानाइतकी, तीही ऋण.

१२. कृमिविवराचं कालयंत्र चालेल कसं? सोप्या भाषेत सांगा.

प्रश्न ५ मधलंच यान घ्या. बोगद्याचं एक तोंड रामकुंडाजवळ ठेवलं, दुसरं २०२७ मध्ये यानात घालून फिरवून आणलं. २०३९ मध्ये यान परत आलं तेव्हा फिरून आलेल्या तोंडाचं घड्याळ २०३३ दाखवतंय. बोगद्याच्या आतून पाहिलं तर दोन्ही तोंडांची घड्याळं कायम जुळलेली. म्हणून २०३९ मध्ये फिरून आलेल्या तोंडातून शिरलात तर रामकुंडाजवळच्या तोंडातून २०३३ मध्ये बाहेर पडाल.

इथे एक मर्यादा आहे आणि ती महत्त्वाची: यंत्र तयार होण्याच्या आधीच्या काळात या वाटेने जाता येत नाही. १९६९ चा गोदेचा पूर पाहायला जायचं असेल तर बोगदा १९६९ च्या आधी बांधून ठेवायला हवा होता.

१३. मग भविष्यातून आलेले प्रवासी कुठे आहेत? एका व्हिडिओत तर एक जण २०५० मधून आलाय.

कुणी का दिसत नाही, याचं एक उत्तर वर १२ मध्येच आहे: पहिलं यंत्र अजून बनलेलं नसेल तर इथपर्यंत यायला दारच नाही. स्टीफन हॉकिंगने २८ जून २००९ ला कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि आमंत्रणं मेजवानी झाल्यानंतर जाहीर केली. कुणी आलं नाही.

व्हिडिओतल्या माणसाला उद्याचा लासलगावचा कांद्याचा भाव विचारा. आजच लिहून घ्या.

१४. आजोबांचा खून वगैरे नको. मी मागे जाऊन आईबाबांचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम मोडला तर?

तर तुम्ही जन्मणार नाही, मग मोडायला जाणार कोण? यातून सुटण्याच्या तीन वाटा सांगितल्या जातात. पहिली, मागे जाताच येत नाही (प्रश्न १९). दुसरी, मागे गेल्यावर तुम्ही वेगळ्याच शाखेच्या विश्वात असता. तिथलं लग्न मोडतं, तुमच्या विश्वातलं शाबूत राहतं. पुंज सिद्धान्ताच्या (क्वांटम, म्हणजे सूक्ष्म कणांच्या नियमांच्या) आधाराने डेव्हिड डॉइशने १९९१ मध्ये या दिशेने मांडणी केली.

तिसरी वाट रशियन शास्त्रज्ञ इगोर नोविकोव यांची: जे घडलं त्याच्याशी सुसंगत तेवढंच घडू शकतं. तुम्ही जाल, पोह्यांत मीठ जास्त घालाल, आणि त्याच खारट पोह्यांवरून आईबाबांचं बोलणं सुरू होईल.

हे नुसतं शब्दांचं खेळणं वाटू नये म्हणून कॅरम घ्या. स्ट्रायकर एका पॉकेटमध्ये गेला, काही क्षण आधीच दुसऱ्या पॉकेटमधून बाहेर आला आणि स्वतःलाच धडकून पॉकेटपासून दूर उडवला. मग तो आत गेलाच कसा? बिलियर्डच्या चेंडूचं हेच कोडं जोसेफ पोल्चिन्स्की यांनी घातलं होतं. १९९१ मध्ये एचेव्हेरिया, क्लिंकहॅमर आणि थॉर्न यांनी गणित केलं तेव्हा सुसंगत उत्तरं निघाली: चेंडू स्वतःला हलकासा घासून जातो, त्या घासण्यानेच त्याची दिशा किंचित बदलून तो आत जातो आणि बाहेर येऊन तेवढाच घासतो. पण एकाच सुरुवातीला अशी एक नाही, अनेक उत्तरं निघाली. मला तरी विरोधाभासापेक्षा ही गोष्ट जास्त अस्वस्थ करते. नियम तेच, सुरुवात तीच, आणि पुढे काय होणार ते ठरतच नाही.

१५. भविष्यातल्या मीच मला शंभरची नोट आणून दिली, आणि तीच नोट मी पुढे मागे जाऊन मला दिली. मग ती छापली कुठे?

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नक्कीच नाही! ती नोट कुठेच छापलेली नाही. तिला सुरुवात नाही. समीकरणांना याचं वावडं नाही, पण नोटेला आहे. खिशात राहून ती मळते, कडा झिजतात. फेरी पूर्ण होताना ती पहिल्याइतकीच कोरी हवी, नाहीतर ती 'तीच' नोट नव्हे. म्हणजे वाटेत कुणीतरी तिची झीज शंभर टक्के भरून काढायला हवी. इथे आडवी येते ती प्रश्न १० मधली एंट्रॉपी.

१६. प्रकाशापेक्षा वेगाने गेलं तर काळ उलटा होतो ना?

प्रकाशापेक्षा वेगाने संदेश पाठवता आला तर काही निरीक्षकांना तो निघण्याआधीच पोचलेला दिसेल, आणि दोन असे संदेश नीट जुळवले तर भूतकाळात निरोप धाडता येईल. म्हणूनच भौतिकशास्त्रज्ञ या मर्यादेला इतकं जपतात. वस्तुमान असलेली गोष्ट त्या वेगाला नेता येत नाही. ऊर्जेची मागणी अनंत होते. पण जन्मतःच अतिवेगवान असलेले कण? १९६२ मध्ये बिलानियुक, देशपांडे आणि ई. सी. जी. सुदर्शन यांनी ती शक्यता मांडली. टॅकिऑन हे नाव १९६७ मध्ये जेराल्ड फाइनबर्ग यांनी दिलं. अजून एकही सापडलेला नाही.

२०११ मध्ये एकदा खळबळ उडाली होती. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या प्रयोगशाळेत ६० नॅनोसेकंद लवकर पोचल्याचं मोजलं गेलं. मला त्या आठवड्यात आलेले फोन अजून आठवतात. पुढच्या वर्षी कारण सापडलं: मुख्य दोष एका नीट न बसलेल्या ऑप्टिकल फायबरच्या जोडणीत होता.

१७. दहा वर्षं मागे गेलो तर पृथ्वी तिथे नसेलच. मी अवकाशात लटकणार का?

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर, आणि सूर्य आकाशगंगेभोवती दोनशेहून जास्त किलोमीटर वेगाने फिरतो, हे खरं. पण 'तीच जागा' म्हणजे कशाच्या तुलनेत? विश्वाला खुंटी ठोकलेली नाही. शिवाय प्रश्न ११ मधल्या कुठल्याच मार्गात माणूस एका जागी गायब होऊन दुसऱ्या काळात उगवत नाही. तो सलग वाटेने जातो, आणि वाट जिथे उघडते तिथे निघतो.

१८. हे सगळं आपल्या पुराणांत आधीच आहे. ककुद्मी राजाची गोष्ट तुम्हाला माहीत नाही का?

माहीत आहे, आणि आवडतेही. राजा मुलगी रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी वराबद्दल विचारायला जातो. तिथे गाणं चाललेलं, म्हणून थोडा थांबतो. तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटतात. मनात आणलेले सगळे वर केव्हाच गेलेले, शेवटी रेवती बलरामाला दिली जाते. काळ सगळीकडे सारखा चालत नसावा, ही कल्पना ज्याला सुचली त्याला नमस्कारच. पण किती वेगाला किती फरक, हे सांगता आलं आणि ते घड्याळाने ताडता आलं, तेव्हा त्या गोष्टीचं भौतिकशास्त्र झालं. गोष्ट गोष्ट म्हणून मोठीच आहे, तिला प्रमाणपत्राची गरज नाही.

१९. तुमचं स्वतःचं मत काय? भूतकाळात जाता येईल?

नाही येणार, असं मला वाटतं. १९९२ मध्ये हॉकिंगने अटकळ मांडली की निसर्ग कालक्रमाचं रक्षण करतो: यंत्र तयार होण्याच्या बेतात आलं की निर्वातातली सूक्ष्म स्पंदनं त्या वाटेने फिरून फिरून स्वतःवरच साठत जातात आणि यंत्र उद्ध्वस्त होतं. माइक आणि स्पीकर जवळ आणल्यावर शिट्टी चढत जाते तसं. मात्र ही अटकळ आहे, सिद्धता नाही. गुरुत्वाकर्षण आणि पुंज सिद्धान्त यांना एकत्र बांधणारी पक्की मांडणी अजून झालेली नाही आणि नेमकी तीच इथे लागते. त्यामुळे फळ्यावर मी 'अशक्य' असं लिहीत नाही, 'बहुधा नाही' असं लिहितो. पोरं त्या 'बहुधा'लाच धरून बसतात.

२०. मुलगी अकरावीला आहे. तिला यातच काम करायचंय. काय करावं?

गणित सोडू देऊ नका, बाकी सगळं नंतर जमतं. भौतिकशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी, मग सापेक्षतावाद किंवा विश्वरचनाशास्त्रात संशोधन, असा साधारण रस्ता. लांब जायची गरज नाही. जयंत नारळीकरांनी उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था पुण्यातच आहे. हेच नारळीकर २०२१ मध्ये आपल्या नाशिकला झालेल्या चौऱ्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हे तिला सांगा. विज्ञान आणि मराठी यांत एकच निवडावं लागतं असं तिला वाटत असेल तर उपयोग होईल. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आयुका सर्वांसाठी खुली असते. शास्त्रज्ञांना थेट प्रश्न विचारता येतात. रांग मोठी असते, तेव्हा नाशिकहून पहाटेच निघा.